तेरड्याचा अर्क तपकिरी का पडतो, फिका का होतो? रंग पाहून रोप निवडण्याआधी तपासायच्या गोष्टी

तक्रार नेहमी एकाच चालीवर येते. पाकळ्या कुटल्या, पाणी घातलं, गाळलं. संध्याकाळी बाटलीत सुरेख जांभळा रंग होता. सकाळी बघावं तर काळ्या चहासारखं पाणी, नाहीतर नुसतं पिवळट धुवण. दोन बाटल्या एकाच रोपाच्या, एकाच दिवशी भरलेल्या, तरी एक गुलाबी आणि दुसरी राखाडी. मग प्रश्न येतो, "रोपात रंगच कमी आहे का हो?"

मी घराच्या मागच्या वाफ्यात तेरडा लावते. आमच्याकडे गौरी तेरड्याच्याच असतात, मुळांसकट आणून घरात घ्यायच्या, त्यामुळे तेरडा हे आमच्या घरात नुसतं शोभेचं झाड नाही. माझं काम चाललंय ते गडद जांभळ्या, भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या तेरड्यासाठी. दरवर्षी दोन रोपांचा संकर करायचा, बी धरायचं, पुढच्या जूनमध्ये पेरायचं. कोणतं रोप आई म्हणून घ्यायचं हे नुसत्या डोळ्यांनी ठरवलं की फसगत होते. ढगाळ दिवशी रंग गडद वाटतो, उन्हात फिका वाटतो. दुहेरी फुलात पाकळीवर पाकळी येते म्हणून ते आपोआप गडद दिसतं. म्हणून पाकळ्यांतला रंग बाहेर काढून मोजायचा. कल्पना बरोबर आहे. पण अर्क चुकीच्या पद्धतीने काढला तर तो डोळ्यांपेक्षा जास्त फसवतो.

दुसऱ्या हंगामात मी सात नंबरचं रोप उपटून टाकलं. त्याचा अर्क जवळजवळ पाण्यासारखा निघाला होता, म्हणून त्यात रंगद्रव्य कमी आहे असं मी वहीत लिहिलं. बाटली मात्र कपाटात तशीच राहिली होती. तीन आठवड्यांनी ती धुवायला घेतली तेव्हा त्यात लिंबूसत्वाची चिमूट टाकून पाहिली. आधी तळाशी गुलाबी धूर निघाल्यासारखं झालं, मग तो रंग वर चढत गेला, आणि दहा मिनिटांत सगळी बाटली डाळिंबाच्या रसासारखी झाली. रंग तिथंच होता. वाफ्यातलं रोप मात्र नव्हतं आणि त्याचं बीही मी धरलेलं नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुमच्या हातून असं रोप जाऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

पहिली तपासणी: बाटली ओतून देऊ नका, आधी लिंबूसत्व टाका

फिका किंवा राखाडी पडलेला अर्क दोन चमचे वेगळा घ्या. त्यात लिंबूसत्वाची, म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या सायट्रिक ॲसिडची, चांगली चिमूट टाका, हलवा आणि पंधरा मिनिटं थांबा. लगेच निकाल देऊ नका, रंग परत यायला वेळ लागतो.

लाल किंवा गुलाबी रंग परत आला, तर रंगद्रव्य शाबूत आहे, फक्त झोपलेलं आहे. परत आला नाही, पिवळट-तपकिरीच राहिलं, तर ते मोडलं आहे. या दोन दुखण्यांची कारणं वेगळी आहेत आणि औषधंही वेगळी. आपण बहुतेक वेळा दोन्हींना एकच नाव देतो, "रंग उडाला", आणि तिथंच गोंधळ होतो.

झोपतं म्हणजे काय होतं ते सांगते. तेरडा, जास्वंद, गोकर्ण, गुलाब यांचे लाल ते निळे रंग ॲन्थोसायनिन या गटातल्या द्रव्यांचे असतात. ती पाण्यात विरघळतात आणि पाकळीच्या पेशीत मधोमध असलेल्या रसाच्या पिशवीत राहतात. त्यांचा रंग सामूवर, म्हणजे द्रव किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे ते सांगणाऱ्या आकड्यावर (pH) ठरतो. सामू ३ च्या खाली असला की लाल. ४ ते ६ च्या दरम्यान पाण्याचा एक रेणू त्यांना चिकटतो आणि बहुतेक द्रव्य रंगहीन होतं. त्याच्या वर जांभळा-निळा, आणि अजून वर गेलं की हिरवट, पिवळा, आणि शेवटी द्रव्यच मोडतं. साध्या पाण्यात काढलेला अर्क नेमका त्या मधल्या, रंगहीन पट्ट्यात येऊन पडतो. मग जिवंत पाकळीत तो का दिसतो? कारण तिथं द्रव्य अतिशय दाट असतं आणि शेजारची फ्लॅव्होनॉलसारखी बिनरंगी द्रव्यं त्याला चिकटून बसून पाण्यापासून वाचवतात. आपण पाणी ओतलं की ही सोबत तुटते.

तेरड्याचा रंग तीन दिवस असं आपण म्हणतो. बाटलीत साधं पाणी असेल तर तीन तासही टिकत नाही.

रंग परत आला, म्हणजे चूक पाण्याची किंवा भांड्याची

माझ्या दोन वेगवेगळ्या बाटल्यांचं कोडं पाण्यानेच सुटलं. एकीत गाळलेलं पिण्याचं पाणी होतं, दुसरीत बोअरचं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड आहे की गिझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो. तो थर ज्या क्षारांचा, ते सामू वर ढकलतात. पाकळ्यांतलं थोडंसं आम्ल त्यापुढे टिकत नाही. डिस्टिल्ड वॉटर वापरा. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायला मिळतं ते चालतं, पण बाटलीवर पाणी असंच लिहिलंय ना ते नीट वाचा. बॅटरीचं ॲसिड शेजारीच ठेवलेलं असतं आणि ते घरात आणायची वस्तू नाही.

भांड्याकडेही बघा. लोखंडी खलबत्त्यात जास्वंदीच्या पाकळ्या कुटल्या की काळपट-निळी छटा येते, कारण लोह त्या रंगद्रव्याला धरून बसतं. तांब्या-पितळेची भांडीही टाळा. दगडी किंवा चिनी मातीचा खल आणि काचेच्या बाटल्या, एवढं पुरे.

रंग परत आला नाही, म्हणजे द्रव्य मोडलं

इथं कारणं अनेक आहेत. मी माझ्या घरी ज्यांत सापडले त्यांवर जास्त लिहिते.

पहिलं कारण कुटण्यातच आहे. पाकळी अख्खी असते तोवर तिच्यातली विकरं, म्हणजे एन्झाइम, एका कप्प्यात आणि रंग दुसऱ्या कप्प्यात असतो. कुटलं की भिंती फुटतात आणि दोघं एकत्र येतात. चिरलेलं वांगं किंवा सफरचंद काळं पडतं तीच ही क्रिया. काही विकरं रंगद्रव्याला जोडलेली साखर तोडतात, आणि साखर गेली की उरलेलं द्रव्य फार लवकर मोडतं. म्हणजे आपण जितकं मन लावून कुटू तितकं वाईट, जर त्या वेळी आम्ल आणि अल्कोहोल सोबत नसेल तर. पाकळ्या आधी आम्लयुक्त अल्कोहोलमध्ये बुडवायच्या आणि मग त्यातच कुटायच्या. क्रम उलटा झाला की पाच मिनिटांत फरक दिसतो.

फ्रीझरमध्ये पाकळ्या ठेवणाऱ्यांचाही हाच घोटाळा होतो. बर्फाने पेशी फुटतात. बाहेर काढून विरघळू दिल्या की विकरांना मोकळं रान मिळतं. गोठलेल्या पाकळ्या तशाच अल्कोहोलमध्ये टाका, ताटलीत पसरून ठेवू नका.

दुसरं कारण सॅनिटायझर. कोरोनाच्या काळातल्या बाटल्या घरात उरल्या होत्या, आत अल्कोहोलच आहे, मग वापरू, असं मी ठरवलं. रात्रीत अर्क गवताच्या काडीच्या रंगाचा झाला. लिंबूसत्व टाकलं, काहीही झालं नाही. मग बाटलीवरचं लेबल वाचलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे केलेल्या पातळ सॅनिटायझरमध्ये अल्कोहोलबरोबर ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड असतं, जंतूंचे बीजाणू मारण्यासाठी. पेरॉक्साइड म्हणजे रंग घालवणारं रसायन. प्रमाण थोडं वाटतं, पण पाकळ्यांतला रंगही मिलिग्रॅममध्येच असतो. जेल असेल तर तो अर्क दाट आणि गाळायला अशक्य करतो. दोन्ही वापरू नका. औषधाच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारं साधं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या.

प्रयोगशाळेत मिथेनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात हे तुम्ही वाचलं असेल. घरात दोन्ही नकोत. मिथेनॉलची वाफही विषारी असते, आणि पॉलिशसाठी मिळणाऱ्या स्पिरिटमध्येही ते मिसळलेलं असू शकतं. आयसोप्रोपिलसुद्धा झटकन पेटतं, म्हणून हे काम ओट्यावर, गॅसजवळ करायचं नाही. खिडकी उघडी हवी, देवघरातला दिवा लांब हवा, बाटलीवर नाव लिहिलेलं हवं आणि ती पोरांच्या हाताला लागणार नाही अशी ठेवायला हवी.

तिसरं कारण ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटतं: जीवनसत्त्व क. ते पदार्थ काळे पडू देत नाही असं आपण शिकलेलो असतो, म्हणून कुणी अर्कात त्याची गोळी टाकतं, कुणी लिंबू पिळतं. पण ॲन्थोसायनिन आणि जीवनसत्त्व क एकत्र आले की हवेच्या साक्षीने दोघंही एकमेकांना मोडतात. लिंबाच्या रसात आम्लही आहे आणि जीवनसत्त्व कही आहे. पहिल्या तासात रंग झकास दिसतो आणि दोन-तीन दिवसांत उतरतो. सायट्रिक ॲसिडच्या खड्यांत जीवनसत्त्व क नसतं. नाव "लिंबूसत्व" असल्यामुळे दोन्ही एकच समजू नका.

उकळणं, उन्हात ठेवणं आणि अर्धी रिकामी बाटली ही उरलेली कारणं. उष्णता, उजेड आणि हवा या तिघांशी रंगाचं वैर आहे. बाटली काठोकाठ भरा, कागदात गुंडाळा, फ्रीजच्या दारात ठेवा.

तेरड्याचं खास दुखणं: हिरवा भाग

हे मला फार उशिरा कळलं. हिंदीत तेरड्याला गुलमेहंदी म्हणतात. ते नाव उगाच पडलेलं नाही. मेंदीत हात रंगवणारं जे लॉसोन असतं ते तेरड्यातही असतं, आणि त्याच कुळातलं आणखी एक द्रव्यही असतं. कोरियात मुली तेरड्याच्या पाकळ्या आणि पानं तुरटीबरोबर कुटून नखांना बांधतात, नखं नारिंगी होतात.

आता आपल्या बाटलीकडे या. फूल देठासकट, मागच्या सोंडेसकट, खालच्या हिरव्या भागासकट कुटलं की हेही अर्कात उतरतं. आम्लात ते पिवळं दिसतं आणि लाल रंगात लपून जातं. सोडा घालून सामू वर नेला की नारिंगी-तपकिरी होऊन वर येतं. मी दीड हंगाम समजत होते की माझ्या जांभळ्या तेरड्यात काहीतरी वेगळंच रंगद्रव्य आहे, कारण सोड्यात इतर फुलांसारखी निळसर-हिरवी छटा येतच नव्हती. पाकळ्या एकेक करून चिमट्याने खुडल्या, मागची सोंड आणि देठ टाकून दिले, आणि त्याच रोपाचा अर्क सोड्यात आधी निळसर आणि मग हिरवा झाला. वेळखाऊ काम आहे. दोन ग्रॅम निव्वळ पाकळ्या निवडायला मला वीस मिनिटं लागतात. पण ही वीस मिनिटं वाचवली तर पुढचं सगळं फुकट जातं.

जास्वंदवाल्यांचं दुखणं वेगळं. त्यांचा अर्क शेंबडासारखा चिकट होतो आणि गाळणीतून उतरत नाही. तो पाकळ्यांतला बुळबुळीत गोंद. तो पाण्यात फुगतो, अल्कोहोलमध्ये आकसून खाली बसतो. तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग पाणी घेतलं की प्रश्न मिटतो.

आता मी कसं करते

सकाळी नऊच्या सुमारास, उमलल्याच्या दुसऱ्या दिवसाची फुलं घेते. सगळ्या रोपांची त्याच वयाची. पावसाने भिजलेली असतील तर टिपकागदावर टिपून घेते, नाहीतर पाण्याचंच वजन होतं. दागिने तोलायचा छोटा डिजिटल काटा घेतला आहे, त्यावर निवडलेल्या पाकळ्या २ ग्रॅम. १५ मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल, ५ मिली डिस्टिल्ड वॉटर आणि त्यात आधीच विरघळवलेलं अर्धा ग्रॅम लिंबूसत्व. हे मिश्रण खलात आधी, पाकळ्या नंतर. कुटून झालं की सगळं काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये रात्रभर. सकाळी पाकळ्या पांढऱ्याफटक झालेल्या असतात. तशा नसतील तर रंग पूर्ण उतरलेला नाही, आणखी एक दिवस ठेवते. मग फिल्टर पेपरमधून गाळते.

मोजायला यंत्र लागत नाही. दोन रोपांचे अर्क एकसारख्या दोन कुप्यांत १०-१० मिली घ्यायचे, पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवायचे आणि वरून खाली बघायचं. जो गडद आहे त्यातलं थोडं वेगळ्या कुपीत घेऊन तेच आम्लयुक्त मिश्रण घालत जायचं, दोन्हींचा रंग जुळेपर्यंत. १० मिली गडद अर्क १५ मिली केल्यावर जुळला, तर त्या रोपात ग्रॅममागे साधारण दीडपट रंग आहे. मात्र ही तुलना आडव्या बाजूने, कुपीच्या काचेतून करा. वरून बघितलं की पातळ केलेल्या कुपीतल्या द्रवाची उंची वाढते आणि रंग पुन्हा तितकाच गडद दिसतो. वरचं बघणं फक्त पहिला अंदाज घेण्यापुरतं.

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "अगं, एवढं करून शेवटी गौरीला कोणती चांगली दिसते तेच बघणार ना तू?" हो, तेच बघणार. पण आवडलेलं फूल एका रोपावर दिसतं, आणि त्याचं बी पेरलं की दुसरंच काहीतरी येतं. म्हणून आत काय आहे ते आधी बघायचं.

अर्क नीट आला, तरी जांभळं आणि लाल सारखंच दिसतं

पद्धत सुधारली की नवा प्रश्न येतो. लाल तेरड्याचा अर्क लाल आणि जांभळ्या तेरड्याचा अर्कही लाल! हा बिघाड नाही. आम्लात सगळीच ॲन्थोसायनिनं लाल बाजूला सरकतात. जर्मन रसायनशास्त्रज्ञ रिचर्ड विलस्टेटर यांना हाच धक्का बसला होता. निळ्या कॉर्नफ्लॉवरमध्ये आणि लाल गुलाबात त्यांना एकच रंगद्रव्य सापडलं. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना १९१५ चं नोबेल मिळालं. त्यांना वाटलं, फरक फक्त सामूचा असेल. पण कॉर्नफ्लॉवरचा निळा रंग लोह आणि मॅग्नेशियम यांच्याभोवती रचलेल्या मोठ्या रेणूचा आहे, हे त्या रेणूची स्फटिकरचना २००५ मध्ये उलगडल्यावर नक्की झालं. म्हणजे एकाच द्रव्यातून निसर्ग दोन रंग काढतो.

तेरड्यात मात्र लाल आणि जांभळ्याचं मूळ द्रव्यच वेगळं असतं. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या संशोधकांनी तेरड्याच्या रंगांचा जनुकांशी संबंध तपासला. लालात पेलार्गोनिडिन आणि जांभळ्यात माल्विडिन हे त्यातून पुढे आलं. आम्लात दोन्ही लाल, पण पेलार्गोनिडिन केशरी अंगाचं आणि माल्विडिन जांभळट अंगाचं. वेगवेगळ्या दिवशी बघितलं तर कळत नाही. दोन कुप्या शेजारी, पांढरा कागद मागे, खिडकीचा उजेड, आणि आधी दोन्ही सारख्या गडद करून घेतलेल्या, एवढं पाळलं की फरक लगेच कळतो. ट्यूबलाइटखाली बघू नका.

इथं तुरटी मोठं काम करते. तुरटीतलं ॲल्युमिनियम काही ठरावीक ॲन्थोसायनिनांनाच पकडतं, ज्यांच्या रेणूच्या एका कड्यावर दोन मोकळे हायड्रॉक्सिल गट शेजारीशेजारी असतात. सायनिडिन आणि डेल्फिनिडिन त्यात येतात. पेलार्गोनिडिन आणि माल्विडिन येत नाहीत. लाल जास्वंदीत सायनिडिन असतं, म्हणून तिच्या सौम्य आम्ल अर्कात तुरटीचं पाणी घातलं की लाल रंग जांभळ्याकडे वळतो. तेरड्याच्या पाकळ्यांच्या अर्कात तसा बदल होत नाही. आणि तुमच्या तेरड्यात झाला, तर बहुधा देठाचा लालसर भाग आत गेला आहे, कारण खोडाच्या लालीतलं द्रव्य पाकळीतल्यासारखंच असेल असं नाही. ही चाचणी करताना जास्वंदीची कुपी नेहमी सोबत ठेवा. तीही बदलली नाही तर तुमच्या अर्कात लिंबूसत्व जास्त झालंय. ते स्वतःच ॲल्युमिनियमला धरून ठेवतं. या एका चाचणीसाठी लिंबूसत्वाऐवजी पांढऱ्या व्हिनेगरमध्ये वेगळा अर्क काढते.

फूलच वेगळ्या गटातलं असेल तर

गुलबक्षी, बोगनवेल, चिनी गुलाब आणि कोंबडा यांच्यावर वरचं काहीच लागू होत नाही. त्यांचा गुलाबी-जांभळा रंग बीटात असतो त्या गटातला, बीटालेन. निसर्गात ॲन्थोसायनिन आणि बीटालेन एकाच झाडात सापडत नाहीत. ओळखायला सोपं आहे: व्हिनेगर घाला, मग दुसऱ्या थेंबात थोडा खायचा सोडा घाला. रंग फारसा हलला नाही तर बीटालेन. हा उष्णतेने झपाट्याने जातो, म्हणून गार पाण्यातच काढा. कुणी तुम्हाला गुलबक्षीचा निळा वाण संकरातून काढायला सांगत असेल, तर त्या झाडाकडे निळ्याचा कच्चा मालच नाही.

झेंडूचा पिवळा-नारिंगी रंग पाण्यात उतरत नाही, कारण तो तेलात विरघळणारा आहे. कोमट खोबरेल तेलात पाकळ्या ठेवून बघा. तेल पिवळं झालं तर तो कॅरोटिनॉइड.

कागदावर पट्टा पसरतो, ठिपके वेगळे होत नाहीत

अर्कातली रंगद्रव्यं एकमेकांपासून वेगळी करून बघायची असतील तर फिल्टर पेपरच्या पट्टीवर पेन्सिलने रेघ, त्यावर अर्काचा ठिपका, खालचं टोक द्रवात. इथं दोनच चुका वारंवार होतात. एक, ठिपका फार मोठा. काडीच्या टोकाने टेकवा, वाळू द्या, पुन्हा त्याच जागी टेकवा, असं पाच-सहा वेळा. ठिपका ज्वारीच्या दाण्याहून मोठा नको. दोन, चढणाऱ्या द्रवात आम्ल नसणं. साध्या पाण्यात किंवा नुसत्या अल्कोहोलमध्ये पट्टी लावली की रंग चढता चढता फिका होतो आणि मागे शेपूट उरतं. पांढरं व्हिनेगर घ्या, बरणीवर झाकण ठेवा, तासभर हात लावू नका. पट्टी वाळल्यावर ठिपका दिसेनासा झाला तर व्हिनेगरच्या वाफेवर धरा. पुन्हा दिसतो.

पांढरी फुलं टाकून देऊ नका

पांढऱ्या तेरड्याची पाकळी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात चुरडा. पिवळी झाली तर तिच्यात बिनरंगी फ्लॅव्होनॉइड आहेत, म्हणजे रंग बनवण्याची साखळी बरीच पुढपर्यंत चालते आणि शेवटच्या टप्प्यांत कुठंतरी तुटते. अजिबात पिवळी झाली नाही तर ती फार आधी तुटली आहे. दोन पांढऱ्या रोपांत साखळी वेगवेगळ्या ठिकाणी तुटलेली असेल तर त्यांच्या संकरातून रंगीत फूल येऊ शकतं. इंग्लंडमध्ये विल्यम बेटसन आणि रेजिनाल्ड पनेट या जनुकशास्त्रज्ञांना स्वीट पी या फुलवेलीच्या दोन पांढऱ्या वाणांच्या संकरातून जांभळी फुलं मिळाली होती, आणि पुढच्या पिढीत ९ रंगीत आणि ७ पांढरी असं प्रमाण आलं. धुण्याचा सोडा हाताला झोंबतो, हातमोजे घाला.

संकराचं काम तेरड्यात सोपं आहे. नुकत्या उमललेल्या फुलाच्या तोंडात बघा. पाचही पुंकेसर एकमेकांना चिकटून छोटीशी पांढरट टोपी तयार होते, आणि ती टोपी स्त्रीकेसरावर घट्ट बसलेली असते. फूल आधी नर, मग मादी. एक-दोन दिवसांनी टोपी आपोआप गळते आणि खाली हिरवं टोक उघडं पडतं. परागकण फुटण्याआधी, कळी उमलायच्या बेतात असताना, ही टोपी चिमट्याने अलगद काढायची, फुलाला मलमलची पिशवी बांधायची, आणि टोक मोकळं झालं की दुसऱ्या रोपाचे पराग त्यावर टेकवायचे. फार भरगच्च दुहेरी फुलांत काही पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, पराग कमी मिळतात. अशा रोपाला आई करा, बाप दुसरा घ्या. पिशवी शेंग पिकेपर्यंत काढू नका. पिकलेली शेंग बोट लागताच फुटते आणि बी वाफाभर उडतं. आणि कासच्या पठारावरच्या रानतेरड्याला हात लावू नका, तिथलं फूल तिथंच राहू द्या.

रोपं किती लावायची हेही आधी ठरवा. हवा असलेला रंग दुसऱ्या पिढीत चारांतून एकदा येणार असेल, तर ९५ टक्के खात्रीसाठी ११ रोपं लागतात. सोळांतून एकदा येणार असेल तर ४७. मी पहिल्या वर्षी बारा लावून "या जोडीत काही नाही" असं लिहून मोकळी झाले होते. त्या जोडीचं उरलेलं बी कागदाच्या पुडीत ठेवलेलं सापडलं आहे. येत्या जूनमध्ये मी त्याची पन्नास रोपं करणार आहे, आणि प्रत्येकाच्या अर्काची कुपी गौरी जेवेपर्यंत फ्रीजच्या दारात राहील.